मुका औट

मृगाला चार दिवस राहिले होते. माळसोंडची सुलोचना माझ्या ओसरीवर बसली होती आणि मी तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होते. तिला पाचवा महिना लागलेला, हात सुजलेले, म्हणून बांगडी चढवताना तिला बोलण्यात गुंतवावं लागत होतं.

"जत्रेचे पाहुणे गेले का गं सगळे?"

"गेले की. आता रानाची घाई. परवा सोमवारी ट्रॅक्टर येतोय."

"कुठल्या रानात?"

"माळाखालच्या. भैरोबाच्या देवळामागं उतार हाय न्हवं, त्याच्या बुडाला. दोन सालं पडीक हाय, म्हणून आमचे मालक सवता बसणार नांगरटीला. दुसऱ्याच्या हाताला लावू देत न्हाईत."

माझ्या हातातली बांगडी वाढली. आम्ही कासार बांगडी फुटली असं म्हणत नाही, पण फुटलीच ती. काच तिच्या मनगटाला लागून रक्ताचा ठिपका आला. सव्वीस वर्षं मी बांगड्या भरत होते, गिऱ्हाइकाला काच लागली नव्हती.

"काय झालं, अक्का?"

"काही नाही गं. काच कच्ची होती," मी म्हटलं. काच चांगली पक्की होती.

आता हे सगळं सांगायचं तर आधी माझं खूळ सांगायला हवं. मला दारूकामाचं वेड होतं. दारूकाम म्हणजे आमच्याकडं जत्रेत देवापुढं उडवतात ते. चैत्रापासून वैशाखाच्या अखेरीपर्यंत आमच्या भागात रोज कुठं ना कुठं जत्रा असते आणि मी बांगड्यांची पेटी घेऊन सगळ्या जत्रा करायची. लोकांना वाटायचं, पद्मा कासारीण धंद्याची मोठी पक्की. कसली पक्की आणि कसलं काय. पालखी देवळात गेली की मी पेटीवर फडकं टाकायची आणि माळावर जाऊन उभी राहायची. आमचे हे, नेमिनाथ, जैन माणूस, त्यांना यातलं काहीच पसंत नव्हतं. "किडामुंगी जळते त्यात, आणि तू टाळ्या वाजवतेस," म्हणायचे. मी म्हणायची, टाळ्या नाही वाजवत, नुसती बघते.

वैशाख संपला की माझं वर्ष संपायचं. पुढचे दहा महिने नुसते ढकलायचे. शेवटच्या जत्रेत नेसलेलं लुगडं मी धूत नसे. ट्रंकेत तसंच घडी करून ठेवायची, आणि श्रावणात झड लागली की काढून त्याचा वास घ्यायची. दारूचा, धुराचा वास. दिवाळीत गल्लीतली पोरं लवंगी वाजवायची त्याला मी दारूकाम मानायची नाही. माघ सरत आला की गिऱ्हाईक कुठल्या गावचं आहे ते विचारायचं आणि त्यांच्या जत्रेची तिथी काढून घ्यायची. तेव्हा कुठं जिवात जीव यायचा.

आणि या सगळ्यात माझं दैवत म्हणजे माळसोंडचे दस्तगीरभाई शिकलगार. भैरोबाच्या जत्रेतल्या दारूकामाचा मान त्यांच्या घराकडं, पणजोबापासून. बाकीचे दारूवाले औटाच्या आवाजावर भाव खायचे. औट म्हणजे लोखंडी नळीतून वर जाणारा गोळा, आभाळात जाऊन फुटतो आणि फुलतो. कुणाचा औट जास्त दणकतो यावर गावागावांत पैजा लागत. दस्तगीरभाई त्याच्या उलट. त्यांचा मुका औट असायचा. ठिणगीची एक बारीक रेघ वर जायची, हरवायची, आणि मग एकदम पांढरं झाड आभाळभर उघडायचं. आवाज अगदी नावाला, तोही हलगी-ताशात विरून जायचा. हजार माणसं एका दमात गप्प व्हायची. मला तर रडू यायचं. का यायचं ते विचारू नका, यायचं.

सुलोचनेची बांगडी वाढली त्या सालच्या जत्रेच्या दोन वर्षं आधी दस्तगीरभाईंना काचबिंदू झाला. दिवसा समोरचं थोडंफार दिसायचं, अंधार पडला की काही नाही. हे त्यांच्या बायकोला, जैतूनभाभींना माहीत होतं आणि मला. मला कसं, तर एकदा जत्रेच्या आधी त्यांनी मला घरी बोलावलं आणि सरळ सांगितलं.

"अक्का, हाताला सगळं कळतं. मसाला, वात, नळी, सगळं. पण मुका औट फुटला का न्हाई ते कानाला कळत न्हाई. तू दर साली बघतीस. माझ्याजवळ हुबी राहा आन् मला सांग."

"जैतूनभाभी सांगतील की."

"तिला वर बघितलं की चक्कर येती. आन् तिला फुललं एवढंच म्हणता येतं. कसं फुललं ते तुला सांगता येईल."

आयुष्यात कुणी मला यापेक्षा मोठा मान दिला नाही. तेव्हापासून ते बांबूच्या टोकाला उदबत्ती बांधून वात पेटवायचे, चार पावलं मागं सरायचे, आणि मी शेजारी उभी राहून हळू आवाजात सांगायची. गावाला वाटायचं, कासारीण पुढं पुढं करते. वाटू दे.

यात एक रिवाज होता, तो समजला पाहिजे. एखादा औट न फुटता खाली पडू शकतो. म्हणून दारूकामानंतर पहाटे, कुणी रानात पाऊल टाकायच्या आधी, दारूवाल्यानं उताराचं रान पालथं घालायचं आणि पडलेला औट उचलायचा. त्याला शिवार झाडणं म्हणत. पण सगळे औट फुटलेले असले तर त्यानं त्याच रात्री देवळापुढं येऊन म्हणायचं, "शिवार मोकळं." मग गुरव नारळ फोडायचा आणि गाव निर्धास्त व्हायचं. त्या दोन शब्दांवर कुणी शंका घेत नसे. पणजोबापासून कुणी घेतली नव्हती.

बांगडी वाढली त्या वर्षी जत्रेआधीच कुजबूज होती की जत्रा कमिटी पुढच्या साली कारखान्याचं दारूकाम आणणार. दस्तगीरभाईंच्या कानावर ते आलं होतं. त्यांनी दोन महिने खपून शेवटासाठी दोन औट केले, नारळाएवढे, आणि दोन्ही एकदम सोडायचे ठरवले.

"अक्का, हे दोन फुलले तर कारखान्याची बात कुणी काढणार न्हाई," वात पेटवायच्या आधी ते म्हणाले. "आन् न फुलले तर मला कळंल की डोळ्यांमागं हातबी गेले."

दोन रेघा वर गेल्या. एक झाड उघडलं. इतकं मोठं की देवळाचा कळस दिवसासारखा दिसला. माळावरून आरोळी उठली. लोकांनी एक झाड बघितलं आणि त्यांचं पोट भरलं. दुसरी रेघ कुणी मोजलीच नव्हती. ती मी मोजली होती. ती वर जाऊन काळी झाली आणि उताराकडं खाली आली.

"दोन्ही?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

त्यांचं तोंड वर होतं, डोळे उघडे, आणि त्यांत त्या झाडाचा उजेड पडला होता. त्यांना तो दिसत नव्हता.

"दोन्ही," मी म्हटलं. "एकात एक फुलले, भाई. आभाळ भरलं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. कधी धरला नव्हता. मग देवळापुढं जाऊन म्हणाले, "शिवार मोकळं." गुरवानं नारळ फोडला. मी तिथंच होते. तोंड उघडलं असतं तर अजून वेळ गेली नव्हती. मी मनाला समजावलं, पडीक रान आहे, पाऊस पडेल, दारू भिजून माती होईल. सकाळी पेटी घेऊन पुढच्या जत्रेला निघून गेले.

आणि आता सुलोचना माझ्या ओसरीवरून मनगट दाबत निघून गेली, आणि सोमवारी तिचा नवरा त्याच रानात लोखंडी फाळ घालणार होता. पाऊस तर अजून थेंबभर पडला नव्हता.

रविवारी पहिल्या एस.टी.नं मी माळसोंडला गेले. दस्तगीरभाई दारात ऊन खात बसले होते. माझी चप्पल वाजली तशी ओळखलं.

"अक्का? आत्ता कशी? चैत्राला दहा महिने हाईत की."

थट्टाच करत होते माझी. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसायचं धाडस झालं नाही. आतून जैतूनभाभींचा भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

दस्तगीरभाई म्हणाले, "कुठल्या अंगाला पडला?"

"उताराकडं. नेमकं नाही सांगता येत."

"चल."

दिवसभर आम्ही दोघं त्या रानात होतो. मी वाकून वाळलं गवत हातानं बाजूला करत होते. ते अनवाणी, एक पाऊल टेकवायचं, मातीचा अंदाज घ्यायचा, मग दुसरं. उन्हानं ढेकळं भाजत होती. त्यांचे तळवे फाटले तरी चप्पल घालेनात. मधूनच थांबून नाक वर करून वास घ्यायचे. मी म्हटलं, "भाई, तुम्ही बांधावर बसा. मी शोधते."

"तू शोधलंस तर मला परत तुझ्यावरच इसवास ठेवायला लागंल," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले. जसं कुणी पाणी दे म्हणावं तसं म्हणाले. मला तिथं धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

दुपार टळली तरी काही सापडलं नाही. चार एकर रान, कमरेएवढं गवत. ते बांधावर टेकले आणि म्हणाले, "पाटलाकडं जायाला पायजे."

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं. "मी सांगते, मी खोटं बोलले."

"आन् काय सांगशील? कासारणीला इचारून शिकलगार शिवार मोकळं म्हणतो? का इचारतो, ते नको का सांगायला?" ते उठले. "तू गप ऱ्हा. माझं मी सांगतो."

पारावर पाटील होते, गुरव होता, सुलोचनेचा नवरा श्रीमंत होता, आणखी दहाबारा माणसं होती. दस्तगीरभाई पाराला हात लावून उभे राहिले.

"माळाखालच्या रानात एक औट पडलाय. न फुटलेला. उद्या नांगर घालू नका."

"आरं, पण तू तर शिवार मोकळं म्हणाला होतास," पाटील म्हणाले.

"म्हणालो होतो. चुकलं."

"चुकलं कसं? औट तूच सोडलास, तुला दिसलं न्हाई?"

"न्हाई दिसलं," दस्तगीरभाई म्हणाले. "दोन सालं झाली. रातचं मला काय दिसत न्हाई."

श्रीमंत उठला. चांगला पोरगा, पण त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "म्हंजी दोन सालं तुम्ही आंधळेपणी देवापुढं जबान देत होता? माझी बायको दोन जिवांची हाय, चाचा. उद्या मी त्या ट्रॅक्टरवर बसणार होतो."

"व्हय बाबा."

"कुणाच्या जिवावर देत होता जबान?"

दस्तगीरभाईंनी मान माझ्याकडं वळवली नाही. मी पाराच्या कोपऱ्याला उभी होते, त्यांच्यापासून चार हातांवर. एक शब्द पुरला असता. मी पदराचं टोक तोंडात धरलं आणि उभी राहिले. त्यांनी गप ऱ्हा म्हटलं होतं, म्हणून गप्प राहिले, असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली. चाळीस गावांत मी पेटी घेऊन फिरत होते, बायका माझ्या हातात हात देत होत्या.

"माझ्याच," दस्तगीरभाई म्हणाले.

सोमवारी सकाळी पन्नासेक माणसं हाताला हात लावून रांगेनं रानात उतरली. ट्रॅक्टर बांधाला उभा होता. अर्ध्या तासात बोंब झाली. एका तुराटीच्या बुडख्याला औट अडकला होता, वरचा कागद उन्हानं पिवळा पडलेला, बाकी जसाच्या तसा. कुणी हात लावेना. दस्तगीरभाई पुढं झाले, खाली बसले, लहान मूल उचलावं तसा त्यांनी तो दोन हातांनी उचलला आणि पाण्यानं भरलेल्या घागरीत बुडवला. मग पाण्यातच कागद फोडून बोटांनी आत चाचपलं.

"वात आत पोचलीच न्हवती," ते म्हणाले. "माझ्याच हातनं आखूड कापली गेलीय." आणि एकट्या मला ऐकू येईल एवढ्या आवाजात, "त्या रातीला सांगितलं असतंस, तर पहाटं जैतूनला घेऊन उचलून आणला असता. वात बदलली असती. कुणाला कायबी कळलं नसतं."

गावानं त्यांना वाईट वागवलं नाही. पाटील खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता इसावा घे, दस्तगीर." पुढच्या जत्रेला टेम्पो भरून कारखान्याचं दारूकाम आलं. त्या जत्रेला मी गेले नाही. मी माळसोंडची जत्रा चुकवलेली ती पहिली वेळ.

पण त्याआधी, पौषात, मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. इतर वर्षी पौष म्हणजे माझी वाट बघायची वेळ, आणि त्या वर्षी कशाची वाट बघायची तेच कळत नव्हतं. दस्तगीरभाई उन्हात बसून उदबत्त्या वळत होते. पाटावर काडी फिरवायची, मसाला चढवायचा, बाजूला ठेवायची. हात तेच होते, सफाई तीच होती.

मी म्हटलं, "भाई, मला दोन शिव्या तरी द्या."

"तुला कशाला शिव्या? तू माझ्या भल्यासाठी बोललीस." दहाबारा काड्या वळून झाल्यावर म्हणाले, "अक्का, एक इचारू?"

"विचारा की."

"पडला त्याच्या आदल्या सालचा. तिसरा औट. तू म्हणालीस, पांढरं झाड उघडलं आन् त्याच्या कडंनं निळा रंग आला."

"आला होता. पूर्ण गोल फिरला होता."

"निळा लई अवघड असतो. माझ्या बापाला साधला न्हाई, आज्याला न्हाई. मी तीस सालं करत होतो. दर बारीला राखी यायचा न्हाईतर जांभळा. ते तुला म्हाईत न्हवतं, मी कधी बोललो न्हवतो. आन् त्या रातीला तूच आपणहून म्हणालीस, निळा आला. मी घरी जाऊन जैतूनला उठवलं. सकाळपातुर झोपलो न्हाई."

"भाई, तो खरंच आला होता. बघा, पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते."

"पाटलाला इचारलं परवा. म्हणाला, झकास होतं एवढं ध्यानात हाय, रंग कोण बघतंय. गुरवालाबी इचारलं. कुणाला आठवत न्हाई." ते हसले. "तुझ्यापरीस बारीक बघणारं गावात कोण हाय?"

"मी सांगते ना. जवसाच्या फुलाएवढा फिका नव्हता, मोरपिसातला मधला रंग असतो ना, तसा. डावीकडून सुरू झाला. मी पाच मोजेपर्यंत टिकला. मला भरून आलं होतं, म्हणून तर नीट बोलता येत नव्हतं मला, आठवतं तुम्हाला?"

ते ऐकत होते. तोंड थोडं वर केलं होतं, जत्रेत करायचे तसं. मला वाटलं, पटलं. मी आणखी सांगत राहिले, रंग कसा विझला, शेवटची ठिणगी कुठं गेली. जेवढं खरं सांगत होते तेवढं ते मलाच रचल्यासारखं ऐकू येऊ लागलं. मग मी थांबले.

"आला असंल," दस्तगीरभाई म्हणाले, आणि पुढची काडी घेतली.

दोन वर्षांनी ते गेले. त्यानंतर जैतूनभाभी लेकीकडं कोल्हापूरला गेल्या.

मी जत्रा पुन्हा सुरू केल्या. खूळ ते खूळ, जातं कुठं. आता माझं वय झालंय, पेटी सुनेकडं दिलीय, तरी चैत्रात नातू मला मोटारसायकलवर बसवून नेतो. हल्ली कारखान्याचे निळे औट ढिगानं येतात, एकामागं एक, पोरं मोबाईल वर धरून उभी असतात. मी शेजारच्या कुणालाही धरते आणि सांगते, याच्या आधी एक निळा आला होता, माळसोंडला, शिकलगारांच्या हातचा, मी बघितलाय.

"असंल, आजी," ती म्हणतात, आणि वर बघतात.